तिच्या खुर्चीची रेघ

तो लोकांच्या घरांत रेडॉन मोजायचा. जमिनीतून, फरशीच्या भेगांतून वर येणारा हा वायू. ना रंग, ना वास, पण वर्षानुवर्षं छातीत जात राहिला की फुफ्फुस पोखरतो. त्याच्या यंत्रात नखाएवढी सिलिकॉनची चकती होती. वायूतून सुटलेला कण तिच्यावर आदळला की आकडा एकाने वाढे. पंचवीस वर्षांत त्याने हजारेक घरं मोजली. स्वतःचं राहूनच गेलं.

"जगाच्या घरांची नाडी बघत फिरता," बायको म्हणायची, "आपल्या घराला ताप आहे का, तेही बघा की एकदा."

तो हसण्यावारी न्यायचा. कधी विडीचा धूरही न ओढलेली ती बाई फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेली, तेव्हा दिव्याखालचा अंधार त्याला दिसला.

मुलीने निक्षून सांगितलं होतं, आधी घर मोजा, मगच बाळाला घेऊन येईन. नातीला त्याने अजून मांडीवर घेतलं नव्हतं.

मागच्या खोलीत बायको शिवायला बसायची. तिच्या खुर्चीवर त्याने यंत्र ठेवलं, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली, दाराला कुलूप घातलं. आठवड्याने आलेख काढला. आकडा मर्यादेच्या सहापट. फक्त रोज दुपारी चार ते साडेचार रेघ शून्याला टेकलेली. शून्य तर उघड्या माळावरही येत नाही.

"खिडकी उघडतंय कुणीतरी," कामावरचा जोडीदार म्हणाला. "तूच असशील, विसरभोळ्या."

चिकटपट्टी जागची हललेली नव्हती. यंत्र बदललं, तरी तेच. मग समोर आपली खुर्ची मांडून तिच्यावर दुसरं यंत्र ठेवलं. वायू खोलीभर सारखाच पसरतो, हे त्याने शेकडो लोकांना समजावलं होतं. तरी खाली आली ती तिच्याच खुर्चीची रेघ.

चार वाजले की ती शिवण बाजूला सारायची. अर्धा तास श्वास घेऊ द्या, म्हणायची.

फरशीखालचा वायू बाहेर ओढणारा पंखा येऊन पडला होता. तो बसवला की रेघ दिवसभर तळाशीच राहणार, चार काय आणि दहा काय. त्याने खोकं उघडलं नाही.

"बाबा, लोकांकडे एका दिवसात बसवता ना?" मुलीने फोनवर विचारलं.

"बसवतो."

"मग आपल्याकडे काय अडलंय?"

अजून आठ दिवस मोजू दे, म्हणाला. 

"आम्ही यायला हवंय ना तुम्हाला?"

हवंय, म्हणाला. ते खोटं नव्हतं.

रोज चारला तो यंत्र मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसू लागला. आपलीही रेघ जराशी हलावी, असं त्याला फार वाटे. ती हलत नसे.

एका बुधवारी दूरच्या शाळेत काम निघालं. आपलं यंत्र आपल्या खुर्चीवरच ठेवून तो गेला. दिवसभर तो तिथल्या तळघरात भेगा बुजवत होता. परतायला सहा वाजले. कुलूप काढून त्याने दोन्ही आलेख शेजारी शेजारी धरले.

चारला तिची रेघ खाली आली होती.

चार वाजून पाच मिनिटांनी, त्याच्या रिकाम्या खुर्चीचीही.