डाव्या हातांची बेरीज

दादानं गेमचा कन्सोल आणला तेव्हा मी नाक मुरडलं, हे आधीच कबूल करते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायूनं लुळे पडलेले हातपाय पुन्हा चालते करायचं काम सोळा वर्षं करते आहे. त्यात चमत्कार होत नाहीत, नुसते आठवडे जातात. बाबांना झटका येऊन चार महिने झाले होते. डावा पाय ओढत, काठी टेकत ते घरातल्या घरात फिरायचे. बोलणं जड झालं होतं, एखादा शब्द अर्ध्यावरच ओढला जायचा. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की मांडीवरच राहायचा.

"खेळतील, हसतील, तेवढाच हात हलेल," दादा म्हणाला. तो लिफ्टच्या देखभालीचं काम करतो आणि बिघडलेली कुठलीही गोष्ट बटणांनी सुधारते यावर त्याचा विश्वास आहे.

"एवढ्या पैशात महिनाभर रोज एक माणूस घरी येऊन व्यायाम करून घेऊन गेला असता," मी म्हणाले. "आणि खरं सांग, हे बाबांसाठी आणलंस की स्वतःसाठी?"

"दोघांसाठी. मजा येते गं. मजेला काही किंमत आहे की नाही?"

"किंमतच तर बघितली मी. खोक्यावर छापलीय."

आई खिडकीजवळ शिलाई मशीनवर बसली होती. ती ब्लाउज आणि फ्रॉक शिवते, पस्तीस वर्षं झाली. तिनं दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "भांडू नका. आधी लावून तर बघा."

खेळ साधा होता. पडद्यावर एक तळं, तळ्यात एक होडी, होडीत दोन माणसं. डावं वल्हं पहिल्या खेळाडूचं, उजवं दुसऱ्याचं. मुठीत मावेल असा रिमोट धरायचा आणि मूठ पुढेमागे करायची. दोघांची लय जुळली तर होडी सरळ जाते, नाहीतर जागच्या जागी गोल फिरते. बाबांच्या डाव्या हाताला रिमोट मी चिकटपट्टीनं बांधून दिला. दुसरा रिमोट दादानं घेतला आणि दहा मिनिटं होडी नुसती गरगरली. बाबा वैतागले. "याच्याशी... नाही जमत," ते म्हणाले. मग आई मशीनवरून उठली, दादाच्या हातातून रिमोट घेतला आणि सोफ्यावर बाबांच्या शेजारी बसली.

होडी सरळ निघाली. बाबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले, आणि मला इतकं बरं वाटलं की मी दादाला सॉरी म्हणायचं ठरवलं. म्हटलं मात्र नाही.

मी दर गुरुवारी सकाळी अकराला आईबाबांकडे जाते. पकड मोजायचं एक लहानसं यंत्र असतं. ते मुठीत दाबलं की काटा किलोमध्ये जोर दाखवतो. तीनदा दाबून घ्यायचं, सरासरी काढायची, कागदावर लिहायची. बाबांचा डावा हात पहिल्या गुरुवारी दोन किलो होता. तिसऱ्या आठवड्याला पाच. सहाव्याला नऊ.

आमच्या कामात असं होत नाही. सुधारणा होते, पण मुंगीच्या पावलांनी, आणि आधी खांदा, मग कोपर, शेवटी बोटं. बाबांची बोटंच आधी सुटली. मी हॉस्पिटलमधल्या आमच्या विभागातल्या वरिष्ठ डॉक्टरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "यंत्र तपासून घ्या." मी तपासून घेतलं. यंत्र चोख होतं.

आठव्या गुरुवारी बाबा तेरावर गेले. त्या दिवशी मी पिशवीतून स्वच्छ टॉवेल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांत टॉवेलची कड धरली, हलकेच चोळली आणि म्हणाले, "यात... पॉलिएस्टर मिसळलंय."

मी हसले. बाबांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. काच कापण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण कापडातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. लग्नात त्यांनी पडद्याच्या कापडाचा सदरा शिवून घेतला होता, हा आमच्या घरातला जुना विनोद. कापडाची कड अशी चोळून बघते ती आई. दुकानात, पाहुण्यांच्या घरी, बसच्या सीटवरसुद्धा.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

बाबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटं अजून चोळत होती. त्यांनी उजव्या हातानं ती धरून थांबवली.

मी निघताना आई ब्लाउज उसवत होती. शिवण वाकडी गेली होती. पस्तीस वर्षांत मी तिची शिवण वाकडी गेलेली पाहिली नव्हती. "चष्मा बदलायला झालाय," ती म्हणाली. मी हो म्हणाले आणि चपला घातल्या.

ही माझी चूक. ती आमच्या धंद्यातल्या माणसाचीच चूक आहे. आम्ही रुग्णाचा हात मोजतो. लुळा मोजतो, चांगला मोजतो, दोन्हींतला फरक काढतो. त्याच्या शेजारी जे माणूस बसलेलं असतं, जे त्याला उठवतं, भरवतं, बटणं लावून देतं, त्याचा हात मोजायचा असतो असं आम्हाला कुणी शिकवत नाही.

नवव्या गुरुवारी मी पोचले तेव्हा आई जमिनीवर वाकून कात्री उचलत होती. उजव्या हातानं. डावा हात खाली लोंबत होता, आणि तो कसा लोंबत होता हे ओळखायला मला यंत्राची गरज नव्हती.

तरी मी मोजलं. तीनदा. सात किलो.

शिकत असताना सरावासाठी मी घरातल्या सगळ्यांचे हात मोजले होते. ती वही अजून माझ्याकडे होती. घरी जाऊन काढली. आईचा डावा हात : एकवीस.

पुढचे आठ दिवस मी आईला घेऊन फिरले. मेंदूचा फोटो, मानेचा फोटो, नसांची तपासणी, रक्त. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, ताण असेल. आई म्हणाली, "बघ, उगाच धावपळ केलीस."

दहाव्या गुरुवारी बाबा एकोणीस, आई चार. मी दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहिले आणि पहिल्यांदा ते एकाखाली एक आले. एकोणीस आणि चार, तेवीस. गेल्या आठवड्याचे सोळा आणि सात, तेवीस. अगदी सुरुवातीचे दोन, आणि वहीतले एकवीस.

मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग बाहेर काढला आणि पुन्हा बेरीज केली. मी पदवीधर बाई, दोन अधिक एकवीस बोटांवर मोजत होते.

"आई, तुम्ही दोघं रोज किती वेळ खेळता?"

"सकाळी तासभर. जेवण झाल्यावर तासभर. कधी कधी संध्याकाळी."

"आजपासून मी खेळणार बाबांबरोबर."

मी उजवा रिमोट घेतला आणि सोफ्यावर तिच्या जागी बसले. तासभर वल्हवलं. तळ्याच्या काठानं झाडं होती, पाणी शांत होतं, पाण्यावर कसलाच आवाज नव्हता. होडी बरी चालली, अगदी सरळ नाही. मग मी माझा हात मोजला, बाबांचा मोजला. कशातही काडीचा फरक नव्हता. माझ्याकडून काहीच घेतलं गेलं नव्हतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं. इतकं वाईट का वाटलं, हे मला आजही सांगता येत नाही.

स्वयंपाकघरात मी आईला गाठलं. ती एका हातानं पीठ चाळायचा प्रयत्न करत होती.

"तुला माहीत आहे," मी म्हणाले.

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग थांबली का नाहीस? अगं, तू शिवणार कशी? हा हात परत येईल की नाही, मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येणार नाही."

तिनं चाळण खाली ठेवली. "पस्तीस वर्षं ते दुकानात, मी मशीनवर. रात्री जेवायला समोरासमोर, तेव्हाही तुमच्या शाळेच्या गोष्टी. एकच काम दोघांनी मिळून कधी केलं नाही बघ आम्ही. आता रोज बसतो शेजारी. ते ओढतात, मी ओढते. होडी चालते." ती लहान मुलीसारखी लाजली. "मला मजा येते गं. दादा म्हणाला होता ना, मजेला किंमत असते."

"ही किंमत?"

"महाग नाही वाटत मला."

मला तिचा भयंकर राग आला. "तुम्ही जागा बदला. तू डावं वल्हं घे, ते उजवं घेतील. जेवढं गेलंय तेवढं परत येऊ दे."

"नाही."

"निम्मंनिम्मं तरी!"

"नाही म्हटलं ना. आणि हे बघ, यांना यातलं काही सांगू नकोस. कळलं तर खेळायचे नाहीत."

मी बाहेरच्या खोलीत आले. कन्सोलची वायर ओढली, दोन्ही रिमोट घेतले, सगळं खोक्यात कोंबलं. बाबा सोफ्यावरून बघत राहिले. विरोध केला नाही. मी खोकं उचलून दाराशी गेले, तेव्हा ते काठी टेकत मागे आले आणि अगदी हळू, आईला ऐकू जाणार नाही असं बोलले.

"तिला... सांगितलंस का तू?"

मी वळून पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. डाव्या हाताचा अंगठा सदऱ्याची कड चोळत होता.

मी खोकं घेऊन जिना उतरले.

खोकं माझ्या विभागातल्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत. दादाचा फोन आला, तो चिडला होता. म्हाताऱ्यांचा एकमेव विरंगुळा मी काढून घेतला, असं म्हणाला. मी त्याला बेरीज सांगितली. तो म्हणाला, "तू जरा सुट्टी घे."

पुढचे दोन गुरुवार मी गेले नाही. रागावले होते, हे एक. आणि भीती वाटत होती, हे दुसरं. पण मनाशी म्हणत होते, आता थांबलंय. चार तर चार. चार किलोवरून मी पुष्कळ हात परत आणलेत. आईचाही आणीन, वर्ष लागलं तरी चालेल. आकृती काढून व्यायाम लिहिले, मऊ चेंडू विकत आणला.

तिसऱ्या गुरुवारी अकराला मी बेल वाजवली.

बेल वाजली की आतून आईची पावलं येतात, लगबगीची. त्या दिवशी पावलं आली ती सावकाश, भारदस्त, एकसारखी.

दार बाबांनी उघडलं. हातात काठी नव्हती. दोन्ही पाय जमिनीवर सरळ टेकलेले.

"ये बाळ," ते म्हणाले. "उन्हातून आलीस. बस, पाणी आणतो."

एकही शब्द ओढला गेला नाही. सात महिन्यांनी मी त्यांचं पूर्ण वाक्य ऐकत होते. मला आनंद झाला. खरंच झाला, क्षणभर.

"आई कुठाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आमचा एक फेरा राहिलाय," ते म्हणाले. "एवढा होऊ दे."

ते जाऊन सोफ्यावर बसले.

टीव्ही बंद होता. वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती. पडदा काळा होता.

किल्ली माझ्या गळ्यात होती. मी हात लावून पाहिली.

बाबांनी डावी मूठ आवळली आणि पुढे केली. मागे घेतली. पुढे केली.

शेजारी आई बसली होती, उशांचा टेकू देऊन. तिची रिकामी उजवी मूठ त्याच लयीत पुढेमागे होत होती.

"आई," मी म्हणाले.

"आ... लीस," ती म्हणाली. मूठ थांबली नाही.

तिनं मान वळवली आणि ती माझ्याकडे बघून हसली, तोंडाच्या फक्त उजव्या बाजूनं.