पट्टीवरचा आकडा

रामकिसनच्या लेकीचं, सायलीचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. मांडव उतरून आठच दिवस झाले होते. गुलमंडीमागच्या बोळातलं दुरुस्तीचं दुकान रामकिसनने पुन्हा उघडलं, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते पाचोडचे काकासाहेब. काखेत सौर पंपाचं कार्ड.

"मिस्तरी, पंप चालू केला की लाल दिवा लागतो अन् बंद पडतो. बागेला थेंब नाय. सुपारीएवढी मोसंबी गळायला लागली. डायरेक्ट करून द्या."

कार्डावर शंट म्हणून नखाएवढी धातूची पट्टी असते. मोटरचा सगळा करंट तिच्यातून जातो. करंट वाढला की पट्टीच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट वाढतात. पंधराच्या पुढं गेले की कार्ड मोटर बंद पाडतं. घाईतला शेतकरी तिच्यावरून तांब्याची तार टाकून घेतो, म्हणजे कार्डाला काही कळतच नाही. यालाच डायरेक्ट म्हणतात. अठ्ठावीस वर्षांत रामकिसनने हे काम कधी केलं नव्हतं.

काकासाहेब चहाला गेले. त्याने टेबलावरची मोटर जोडली. झकास चालली. काकासाहेब पायरी चढले, लाल दिवा लागला.

रामकिसनने मोटर काढली. आता करंटला जायला वाटच नव्हती. तरी दिवा जळतच होता. पट्टीला मीटर लावलं. सोळा.

"जरा खाली उतरा बरं."

शून्य.

"या वर."

एकोणीस.

रामकिसनला आनंद आवरेना. त्याने समोरच्या कापडदुकानातून शिवराजला ओढून आणलं आणि टेबलापाशी उभं केलं.

"माझ्यात करंट हाय का बघतो व्हय?" शिवराज हसला. "बायकोला विचार, कवाच संपला म्हणंल."

शून्य. काकासाहेब पुढं झाले. चोवीस.

"तुमच्यातून काहीतरी जातंय, काकासाहेब!"

"माझी बाग जातीय, मिस्तरी! तुमचा खेळ मागून करा."

"दोन दिवस कार्ड ठेवा माझ्याकडं."

"दोन दिवसांत झाडाखाली सडा पडंल."

कार्ड गेलं म्हणजे पट्टीही जाणार. रामकिसन तिच्याकडं बघत राहिला. मग त्याने सोल्डरिंग आयर्न तापवलं, पट्टी उतरवून घेतली आणि तिच्या जागी जाड तार बसवली. काकासाहेबांनी त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. सुटी पट्टी टेबलावर होती, तिच्या टोकांना मीटरचे चिमटे. बाकी काही नाही.

"पाणी आलं, मिस्तरी! लई जोरात आलं! ऐका!"

फोनमधून पाण्याचा धो धो आवाज आला. मीटरवर तीस.

"पाचोडहून! इथं दिसतंय, काकासाहेब! बोलत राहा!" रामकिसन उभाच राहिला.

"काय बोलू? पहिली ओळ भिजली. उद्या टोपलीभर मोसंबी सांडणार होती, वाचली बघा."

बेचाळीस. साठ.

रामकिसनने पट्टीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. चटका बसला होता.

"काकासाहेब, पंप बंद करा."

"आत्ता तर चालू केला."

"हात जोडतो. बंद करा!"

एकशे दहा.

"तुमचं बी काहीतरीच. बरं, हा घ्या. केला बंद."

पाण्याचा आवाज थांबला.

एकशे चाळीस.

"बंद केला ना?"

"व्हय की. बटन बंदच हाय. आता?"

दोनशे.

"लांब व्हा तिथून! बांधावर जा!"

"बांधावरच बसलोय, मिस्तरी. झाडाखाली."

दोनशे सत्तर.

मग शून्य.

फोन चालूच होता. पाइपातून उरलेलं पाणी ठिबकत होतं.

काकासाहेब वारले ते सव्वीस एप्रिल दोन हजार तेवीसला, बुधवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी. पंप बंद होता, म्हणून विजेचं नाव कुणी घेतलं नाही.