वरचा वजनगट

भट्टीतून पावांची पहिली खेप निघाली, तेव्हा बेकरीच्या दारात तो उभा होता. डोळे मिटून, नाक वर करून. गल्ल्यावर बसलेल्या मुलीने त्याला लगेच ओळखलं. चौकातल्या भल्यामोठ्या फलकावर हाच तर मुठी उगारून उभा होता — सगळ्यांचा लाडका बॉक्सर.

तिने काय देऊ विचारलं.

"काही नको... फक्त वास घेतो."

"मग आत या. दारात अर्धा वास वाऱ्यावर जातो."

तो आत आला आणि मग रोजच येऊ लागला. लढतीआधी वजन उतरवायला तो अर्धपोटी राहायचा. शेवटी शेवटी तर पाणीसुद्धा घोटाघोटाने. त्याला शिकवणारा मोठा भाऊ खालच्या वजनगटावरच अडून बसला होता, कारण पदकं तिथेच मिळाली होती. लोकांना त्याच्या मुठी दिसायच्या. आधारासाठी गल्ल्याला धरलेला हात दिसायचा तो फक्त तिला.

"आज काय वाढताय?" तो हसत विचारायचा.

"लोण्याचा बन. वरून खुसखुशीत, आतून मऊ, आणि..."

"जरा हळू — चावू द्या!"

एका सकाळी तो बोलता बोलता कोसळला. तिचे बाबा भट्टी सोडून धावले. तो शुद्धीवर आल्यावर तिने त्याला साखरेचं पाणी पाजलं. दादाला कळू देऊ नका, म्हणून तो विनवू लागला.

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा." तिने पेला खाली ठेवला. "नसेल जमत, तर इथे येऊ नका. तुम्हाला असं झिजताना बघणं... मला नाही सोसवत."

त्यानंतर तो फिरकलाच नाही. तिचं कशातच लक्ष लागेना. अखेर एक दिवस बाबांनी पेपर पुढे केला. तो वरच्या वजनगटात लढला होता. हरला होता.

त्याच दुपारी तो आला. ओठ सुजलेला, डोळ्याखाली काळंनिळं, पण गाल भरलेले. दादाने आधी अबोला धरला, मग स्वतःच ताट वाढलं, असं त्याने सांगितलं.

"हरलो," तो म्हणाला, "पण पोटभर जेवून हरलो."

तिचे डोळे भरून आले. तिने बन पुढे केला. तो मात्र बनाकडे बघतच नव्हता.

"आता रोज जेवणार आहे मी. समोर तू हवीस... कायमची. चालेल?"

"आधी ओठ बरा होऊ दे," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाली.