मधला पडदा

घोडबंदर रोडवर कासारवडवलीला, टाइल्सच्या शोरूमच्या वर माझं क्लिनिक आहे. मी हृदयाची सोनोग्राफी करते, लोक जिला इको म्हणतात. खिडक्या बंद असल्या तरी खालच्या ट्रॅफिकचे हॉर्न आत येतात. पेशंटला डाव्या कुशीवर झोपवायचं, छातीवर गार जेल लावायचं आणि स्क्रीनवर बघत राहायचं.

गोविंदा भोईर इथलेच, आगरी. जन्म खाडीकाठच्या मिठागरात गेलेला, आता मुलाच्या टॉवरमध्ये राहायचे. मुलगा कमलेश त्यांना धरून घेऊन आला तेव्हा पावलं इतकी सुजली होती की चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. चार शब्द बोलले की धाप.

"मॅडम, तुम्हीच सांगा आईला," कमलेश म्हणाला. "चोरून मीठ देते ती त्यांना. सुकट भाजून देते. मी सगळे डबे फेकून आलेलो, तरी सूज उतरत नाय."

गोदाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. लहानखुऱ्या, पण श्वास मोठा, आवाज करणारा.

"नय देत, बाय. घरान मीठच नय आता."

माझा विश्वास बसला नाही. हे सगळ्याच घरांत सांगतात.

हृदयाचे खालचे दोन कप्पे शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्यात एकच पडदा असतो. अंगात पाणी साठून उजवा कप्पा फुगला की पडदा डावीकडे रेटला जातो, डाव्याला भरायला जागा उरत नाही आणि अंगाला रक्त कमी पडतं. माणूस श्वास आत घेतो तेव्हा उजवीकडे जास्त रक्त येतं, पडदा किंचित डावीकडे कलतो. सोडला की परततो. गोविंदाबाबांचा पडदा फारच कलत होता.

मी जाते त्या हॉस्पिटलात त्यांना ॲडमिट करायला लावलं. तिथे अळणी जेवण, मोजून पाणी, लघवीची इंजेक्शनं. तरी वजन वाढत राहिलं. गोदाबाई दिवसभर पलंगाशी बसून असत. माझ्याच सांगण्यावरून सिस्टरनी त्यांची पिशवी तपासली. कंगवा, एक लुगडं, बिस्किटांचा पुडा. सगळं परत भरताना त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

पुन्हा इको केला तेव्हाही त्या माझ्या पाठीमागे होत्या.

"बाबा, श्वास रोखा."

त्यांनी रोखला. पडदा कलतच राहिला.

मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. पोट स्थिर होतं. मागून गोदाबाईंचा श्वास ऐकू आला, आत जाणारा, आणि पडदा डावीकडे गेला. त्यांनी सोडला, पडदा परत आला. पुन्हा तसंच. आणि पुन्हा.

"मावशी, बाहेर जाऊन चहा घ्या," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला.

त्या गेल्या. हळूहळू पडदा सरळ झाला. डावा कप्पा भरू लागला. बाबांच्या ओठांवरचा निळसरपणा ओसरला.

"वारा आला," ते म्हणाले. एसी होता तसाच होता.

मी बघत राहिले. पडदा अचानक डावीकडे कलला. दार त्यानंतर वाजलं. गोदाबाई परत आल्या होत्या.

कमलेशला मी खरं सांगितलं नाही. आईला विश्रांतीची गरज आहे, ठाकुर्लीला कृतिकाकडे काही दिवस पाठव, एवढंच बोलले. कृतिका त्याची बहीण. निघताना गोदाबाईंनी माझा हात धरला.

"मी नसली तं त्यो बरा व्हईल?"

"होतील, मावशी."

"बरा व्हईल. पन ऱ्हाईल का?"

मला तो धमकीचा सूर वाटला.

सूज उतरली. बाबा घरी गेले, लिफ्टनं खाली उतरून बाकावर बसू लागले. "बघा मॅडम, मी म्हटलेलो ना," कमलेशनं फोनवर सांगितलं. पुढच्या इकोत पडदा अगदी सरळ होता. त्याच आठवड्यात दुपारच्या झोपेत ते गेले. मी तो इको पुन्हा-पुन्हा काढून बघितला. त्यात मरण्यासारखं काहीच नव्हतं.

महिन्याभरानं कृतिका आईला घेऊन आली. गोदाबाईंची पावलं सुजली होती, धाप लागत होती.

"घरी कोणीच मीठ खात नाही हो मॅडम," कृतिका न विचारताच म्हणाली.

मी गोदाबाईंना कुशीवर झोपवलं. उजवा कप्पा फुगलेला. पडदा डावीकडे कलत होता.

"मावशी, श्वास रोखा."

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

पडदा कलला. परतला. कलला.

मी कृतिकाला बाहेर जायला सांगितलं. दार लागलं.

पडदा कलला. सावकाश, जड. परतला.

खोलीत आता आम्ही दोघीच होतो. मीही श्वास रोखला; आता खोलीत श्वास घेणारं कुणीच नव्हतं. खाली एक हॉर्न वाजून थांबला.

पडदा कलला.

मी स्क्रीनजवळ वाकले.

तो अर्ध्यातच थांबला. आपल्याला कुणीतरी बघतंय हे कळल्यावर माणूस श्वास रोखून धरतो, तसा.