फाटकाशी कुणी विचारलं तर

पेगी आत्यानं मला आधीच बजावलं होतं.

"तुझं कुळ सापडलं, छान झालं," तव्यावरचा ओटकेक उलटत ती म्हणाली. ही माझ्या नवऱ्याची, रुअरीची, आत्या. "'तू कुणाची?' असं दुकानात विचारलं तर सांग, बोटीवर विचारलं तर सांग. त्या जुन्या कबरस्तानाच्या फाटकाशी विचारलं, तर तोंड उघडू नकोस."

"तिथं विचारणार कोण आत्या? मेंढ्या?"

"मेंढ्यांना काय करायचंय तुझ्या आजोबांशी."

मी हसण्यावारी नेलं. स्कॉटलंडातल्या आमच्या मल बेटावर नुसतं नाव सांगून भागत नाही. बाप, आजा, पणजा अशी माळच सांगावी लागते. ग्लासगोत वाढलेल्या माझ्याकडे ती नव्हती. इथं सून म्हणून आल्यावर चिकाटीनं शोधून मी ती जुळवली. मी मॅकॉर्व्हन. मेंढ्यांना कुरणं हवीत म्हणून जमीनदारानं ज्यांची घरं पेटवली आणि ज्यांना जहाजात कोंबून कॅनडाला धाडलं, ते कुळ. माझा खापरपणजा तेवढा ग्लासगोला उतरून पळाला.

इथले लोक मानतात की कबरस्तानात शेवटी पुरलेलं माणूस कुळातलं पुढचं येईपर्यंत पहारा देतं. मॅकॉर्व्हनांच्या त्या जुन्या कबरस्तानात शेवटची पुरली ती उना, अलास्डेअरची लहान पोर, जहाज सुटायच्या थोडं आधी. नंतर पुरायला कुळातलं कुणी उरलंच नाही; पहारा तिच्याकडेच राहिला.

माझ्या चार वर्षांच्या मार्सलीला मी ती माळ आंघोळीच्या वेळी शिकवली. 'मार्सली, शीनाची' अशी माझ्या नावापासून सुरू करून ती गाण्यासारखी म्हणायची. मला केवढा अभिमान.

मे महिन्यातली कोरडी, लख्ख दुपार होती. कबरस्तानाच्या गुलाबी ग्रॅनाइटच्या भिंतीआड मी एका कबरीच्या दगडावरचं शेवाळ ब्रशनं काढत होते. मार्सली फाटकाशी खेळत होती. मी तिच्यावरून नजर हलवत नाही, कधीच नाही. त्या दिवशीही फक्त ब्रश झटकण्यापुरती मान खाली गेली.

"मार्सली, शीनाची. शीना, डनकनची. डनकन, यूअनचा..."

स्पष्ट, न अडखळता, शेवटपर्यंत. बाहेरच्या मेंढ्या गप्प झाल्या होत्या.

"कुणाला सांगतेस गं?"

ती पाठमोरीच होती. "तिनं विचारलं."

"कुणी?"

"ती म्हणाली, आता ती घरी जाणार."

मी जाऊन तिचा हात धरला. हात कोरडा होता आणि दगडासारखा गार. रस्ता रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं लापशीतला मध बाजूला सारला आणि मीठ मागितलं. गाडी सुरू झाली की ती अंग चोरायची. रुअरी म्हणाला, "मोठी होतेय. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

मग पेगी आत्या आली. उंबऱ्यातच थांबली. कोट काढला नाही. पोरीकडे बराच वेळ पाहून तिनं हळूच विचारलं, "तू कुणाची गं, बाळा?"

"उना, अलास्डेअरची. अलास्डेअर, नील बानचा."

आत्या खाली बसली.

रुअरी म्हणतो, माझं ऐकूनच शिकली. मी ती नावं घरात कधी उच्चारली नव्हती. याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

घरातल्या पोरीला मी जेवू घालते, केस विंचरते. ती गुणी आहे. तिचा काय दोष.

आणि रोज मी फाटकाशी जाऊन माझी माळ मोठ्यानं म्हणते. पहारा मला द्या म्हणते.

मला कुणी विचारत नाही.

फाटकापाशी गवत दबलेलं असतं. दोन लहान पावलांएवढं.

समोरच्या आयोना बेटाच्या बोटीसाठी तुम्ही कधी फिओनफर्टला आलात, तर धक्क्याच्या अलीकडे डावीकडची, कबरस्तानाच्या फाटकाकडे जाणारी पायवाट धरा. तुम्ही आमच्या रक्ताचे नाही, तुम्हाला कदाचित ती दिसेल. बोलू नका. फक्त तिचे बूट बघा आणि सुटलेली नाडी बांधून द्या. घरातली बांधते स्वतःची. माझ्या मार्सलीला अजून येत नाही.