पहिलीची जागा

खोटं वाटेल. पण हे रुद्राणीच्या बाबतीत खरंच घडलंय.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती, पण नळाला टिपूस नव्हता.

उदगीरात रुद्राणीचा नवरा अण्णाराव टँकर पुरवायचा. कुठला टँकर कुठल्या गावाला, हे ठरवणारा प्रोग्राम त्याच्या पहिल्या बायकोनं लिहिलेला. उमादेवीनं.

उमादेवी वारली. प्रोग्राम चालूच होता.

रुद्राणीही कॉम्प्युटर शिकलेली. तिनं नवा, चांगला प्रोग्राम लिहिला. अण्णारावनं बघितलासुद्धा नाही.

"ऱ्हाऊ दे. उमाचाच बरा हाय."

रुद्राणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरातही तेच. सासू दानम्मा रोज उमादेवीचा पाट आधी मांडायची. रिकाम्या पाटापुढं ताट वाढायची. मग रुद्राणीचं.

कॉम्प्युटरमध्येही असाच एक पाट होता. मेमरीत कुणाला कुठं बसवायचं, ते आतला कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा मूळ कारभारी प्रोग्राम, ठरवतो. नवे प्रोग्राम मिळेल तिथं बसतात. उमादेवीचा जुना, तो एका ठरलेल्या पत्त्यावरच बसायचा. कर्नलनं तो पत्ता त्याच्यासाठी मोकळा ठेवावा, अशी एक सेटिंग होती.

त्या दुपारी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून रुद्राणीनं ती सेटिंग बंद केली. त्या पत्त्यावर स्वतःचा प्रोग्राम बसवला.

आता जुना चालणं शक्यच नव्हतं. तो बंद पडताना तिला डोळ्यांनी बघायचा होता. तिनं तो सुरू केला...

तो उघडला.

त्याच पत्त्यावर.

तिचा प्रोग्रामही चालू दिसत होता. पण मेमरीत त्याला पत्ताच नव्हता...

तेवढ्यात आतून पाट सरकवल्याचा आवाज आला.

दानम्मा तर अंगणात होती...

रुद्राणी तणतणत स्वयंपाकघरात गेली. कुणीच नव्हतं. उमादेवीचा पाट तेवढा मांडलेला.

"मेल्यावरबी किती जागा अडवायची!" म्हणत ती त्यावरच बसली.

पाट गरम होता... आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा.

दानम्मा आत आली. मागोमाग अण्णाराव. दानम्मानं रुद्राणीपुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"उमे, ती नवी कुठं गेली गं?"

"आत्याबाई... मीच हाय की!"

कुणीच ऐकलं नाही.

अण्णाराव समोर बसला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्याकडं डोळे भरून पाहत होता.

ती उठून पळाली. कॉम्प्युटरवर ती सेटिंग पुन्हा चालू केली.

"रुद्राणे!" आतून दानम्माची हाक आली. "कुठं होतीस? कवाधरनं हाका मारायलेय!"

ती सेटिंग आजही चालू आहे. उमादेवीचं ताट आजही आधी वाढतात. रुद्राणी आता चकार शब्द काढत नाही.

पण अण्णारावनं मान वर न करता भाकरी मागितली, की तिची नजर त्या रिकाम्या पाटाकडं जाते...

आणि तिला तिथं परत बसावंसं वाटतं.