सोडलेला सूर

हे खरं घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत. ज्याला पटत नसेल त्याने इथूनच मागे फिरावं, मी कुणाची मनधरणी करणार नाही.

थंडीचे दिवस. संध्याकाळची वेळ. नाट्यगृह रिकामं. रंगमंचावर पियानो, पियानोवाली बाई, मास्तर आणि भाचा. बस्स.

भाचा ऑपेरा गातो. म्हणजे अख्खं नाटकच गाऊन करायचं, तेही माईकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवून. त्याचा आवाज टेनर, पुरुषांतला उंच. पहिल्यांदाच नायकाचं काम मिळायचं होतं. देणं न देणं मास्तरांच्या हाती.

आणि मास्तर म्हणजे... गोड शब्द त्या जिभेला माहीतच नव्हता.

या गाण्यात एक रीत आहे. तालमीत गाणारे गळा राखून गातात. वरचा सूर हलकेच, खालच्या पट्टीत म्हणतात, नाहीतर सोडून देतात. सगळीकडे चालतं. मास्तरांना चालत नसे.

"माझ्याकडे कामचुकार नकोत. पूर्ण आवाज लाव."

त्या दिवशी भाच्याचा घसा धरलेला. थुंकी गिळतानासुद्धा कळ यायची. मास्तर डोळे मिटून ऐकत बसलेले. शेवटचा, सगळ्यात वरचा सूर आला...

भाच्याने तोंड मिटलं. म्हटलं, खाईन शिव्या.

आणि सूर लागला.

भरदार. स्वच्छ. रिकाम्या सज्जातून...

मास्तरांनी डोळे उघडले. "आता कसं? उगाच नखरे करत होतास."

भाचा गप्प राहिला. माझाच आहे, तरी सांगते, लोभाने गप्प राहिला. काम हातचं जाईल म्हणून.

पुढच्या तालमीलाही तेच. फक्त सूर सज्जातून नाही, खालच्या खुर्च्यांतून आला. नंतर पडद्याआडून...

जवळ येत होता.

पियानोवालीने भाच्याला जिन्यात गाठलं.

"तुझं तोंड मिटलेलं असतं, राजा."

"काकू, कोण आहे ते?"

"तुझ्याआधी एक होता. तुझ्याच वयाचा. घसा सुजलेला असताना या मास्तरांनी त्याला तो सूर पुन्हा पुन्हा लावायला लावला. तोंडातून रक्त आलं, तरी पुन्हा. आवाज कायमचा गेला. मग तोही गेला. आणि हे सांगत फिरले, पोरगा आळशी होता."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी वाजवत होते," ती म्हणाली.

भाच्याने ठरवलं, यापुढे सूर आपणच लावायचा. शेवटच्या तालमीला नाट्यगृहाचे मालक आले. मास्तर छाती काढून पुढे झाले.

"हा सूर याच्या गळ्यात मी घातलाय. बघा, असा..."

मास्तरांनी तोंड उघडलं.

तोच आवाज. कोवळा, तरुण... त्या म्हाताऱ्या तोंडातून.

मालकांनी टाळ्या वाजवल्या. सूर चालूच.

टाळ्या थांबल्या.

सूर चालूच...

मास्तरांचा श्वास केव्हाच संपला होता. चेहरा काळानिळा. दोन्ही हातांनी स्वतःचा गळा दाबून धरलेला. आवाज मात्र तसाच, भरदार. जराही हलत नव्हता.

पियानोवालीने पियानोचं झाकण लावलं. तेव्हा कुठे थांबला.

मास्तर जिवंत आहेत. बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, गळ्यात काही बिघाड नाही. मला विचाराल तर बरं झालं. कुणा आईचं पोर खाल्लं होतं त्यांनी.

काम भाच्याला मिळालं. नाव होतंय. नवे मास्तर भले आहेत. म्हणतात, अरे ताप आहे ना, आज सोड तो सूर.

तो सोडत नाही. घसा बसला तरी पूर्ण आवाज लावतो.

कारण मध्यंतरी एकदा सोडला होता. घरी, माझ्यासमोर, ओट्याशी उभं राहून. त्याचे ओठ मिटलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले...

सूर त्याच्या गळ्यातून आला.

वैर तर मास्तरांशी होतं ना? मग याच्याकडून अजून काय हवंय?

तो गप्प राहिला होता, तेवढंच माझ्या मनात येतं. ते मी त्याला सांगितलेलं नाही. कोमट पाणी करून समोर ठेवते. तो घोट घेतो... आणि गिळताना दोन्ही हात गळ्याशी नेतो.